चरित्रचिंतन : पाच माणसांची भाषा

व्यापारी घराण्यात नोंदीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भाव चढेल की उतरेल, याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला फारसा दोष देत नाही. परंतु रोजकीर्दीत खाडाखोड झाली, एकाची ठेव दुसऱ्याच्या नावे मांडली गेली, तर पिढ्यांची पत एका दिवसात जाते. विद्येच्या क्षेत्रालाही हाच न्याय लागू पडतो. विद्वानांची अनुमाने काळाच्या ओघात मागे पडतात, त्यांच्या जागी नवी येतात. टिकून राहते ती प्रामाणिकपणे केलेली नोंद. या गोष्टीची साक्ष ज्यांच्या चरित्रातून विशेष स्पष्टपणे मिळते, असे एक विद्वान व भाषांतरकार एकोणिसाव्या शतकात फिनलंड देशात होऊन गेले. मातियास अलेक्सांडर कास्त्रेन हे त्यांचे नाव. त्यांना आयुष्य लाभले अवघे अडतीस वर्षांचे. त्यातली उमेदीची वर्षे त्यांनी उत्तर रशिया आणि सायबेरियाच्या हिमभूमीत, ज्यांना लिपी नव्हती अशा भाषा कागदावर उतरवण्यात घालवली. ज्या सिद्धांतासाठी त्यांनी हा प्रवास मांडला, त्यातला निम्मा भाग आज कोणी मानत नाही. मात्र त्यांनी लिहून ठेवलेल्या वह्यांवाचून आजही त्या विषयाचा अभ्यास पुढे जात नाही.

घरात एक भाषा, अंगणात दुसरी

कास्त्रेन यांचा जन्म २ डिसेंबर १८१३ रोजी फिनलंडच्या उत्तर भागातील तेर्वोला या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. पुढे त्यांची नेमणूक आर्क्टिक वृत्तालगतच्या रोव्हानिएमी येथे झाली आणि मातियास यांचे बालपण तेथेच गेले. घरात स्वीडिश बोलली जाई आणि बाहेर सवंगड्यांत फिनिश. त्या काळच्या फिनलंडचे चित्रही नेमके असेच होते. शतकानुशतके हा देश स्वीडनच्या राजवटीत होता. १८०९ मध्ये तो रशियाच्या झारकडे गेला. सत्ता बदलली तरी कचेरी, न्यायालय, विद्यापीठ आणि प्रतिष्ठितांची बैठक यांची भाषा स्वीडिशच राहिली. फिनिश ही शेतकऱ्यांची, कोळ्यांची, लाकूडतोड्यांची भाषा समजली जाई. बहुसंख्य लोक जी भाषा बोलत, तिला त्यांच्याच देशात उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागत होते.

मातियास अकरा-बारा वर्षांचे असतानाच वडिलांचे निधन झाले. मोठे कुटुंब आणि हात आखडता. नातेवाइकांचा आधार घेत आणि शिकवण्या करत त्यांनी औलू येथील शाळा पुरी केली व १८३० मध्ये ते हेलसिंकीच्या विद्यापीठात दाखल झाले. आरंभी वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक होण्याचा विचार होता. त्या निमित्ताने ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास सुरू झाला. पुढे डेन्मार्कचे थोर भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि जीवनाची दिशाच पालटली. भाषांचीही कुळे असतात, शब्दांच्या व प्रत्ययांच्या साम्यावरून त्यांची नाती शोधता येतात, हा विचार त्या काळी नवा होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे नाते युरोपातील पंडितांनी नुकतेच उलगडले होते. मग फिनिशचे सगेसोयरे कोण? स्वीडिशशी तिचे काही जुळत नव्हते, रशियनशीही नाही. जिचे गोत्र कोणाला ठाऊक नाही अशी ही भाषा होती. तिचे गोत्र शोधण्याचा संकल्प या तरुणाने मनाशी केला.

आपलेच काव्य आपल्याच लोकांसाठी

त्याच सुमारास फिनलंडमध्ये एक मोठी घटना घडली. एलियास ल्योनरूट नावाचे एक वैद्य कायानी या लहानशा गावात सरकारी नोकरीत होते. रुग्णांची सेवा सांभाळून ते रजा काढत आणि रशियाच्या सीमेपलीकडील कारेलियाच्या खेड्यांतून पायी फिरत. तेथील वृद्ध गायक पिढ्यानपिढ्या तोंडपाठ जपलेली गीते म्हणत आणि ल्योनरूट ती लिहून घेत. या गीतांची सुसंगत गुंफण करून त्यांनी १८३५ मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केले. त्यात ३२ सर्ग आणि १२,०७८ ओळी होत्या. ज्या भाषेला वाङ्मय नाही असे म्हटले जाई, तिच्या पदरात एकाएकी महाकाव्य आले.

परंतु येथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. देशातील सुशिक्षितांपैकी अनेकांना हे काव्य वाचताच येईना. त्यांची भाषा स्वीडिश होती आणि कारेलियाच्या खेड्यातील फिनिश त्यांना परकीच होती. देशाचे काव्य देशातील शिकलेल्यांना कळावे म्हणून त्याचे भाषांतर करावे लागणार होते. ही जबाबदारी कास्त्रेन यांनी उचलली. केवळ शब्दकोशाच्या आधारे हे काम होणार नाही, हे ओळखून १८३९ मध्ये ते स्वतः कारेलियात गेले. जेथे ही गीते गायली जात त्या झोपड्यांत बसले, तेथील वस्तू, रीती, समजुती त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. मगच त्यांनी लेखणी हाती घेतली. १८४१ मध्ये त्यांचे 'कालेवाला'चे स्वीडिश भाषांतर प्रसिद्ध झाले. या महाकाव्याचे दुसऱ्या भाषेतील हे पहिलेच भाषांतर.

हे काम किती अवघड होते, हे मराठी वाचकाला इतरांपेक्षा चटकन उमगेल. मराठीत 'घर' या शब्दाला प्रत्यय लागून 'घरात', 'घरातून', 'घरावर' अशी रूपे होतात. फिनिशचीही तीच रीत आहे. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून. फिनिश याहून एक पाऊल पुढे जाते: 'तालोनि' म्हणजे 'माझे घर'. 'माझे' हा स्वतंत्र शब्द न घेता तिने तो प्रत्ययातच सामावला आहे. अशा पंधरा विभक्ती त्या भाषेत आहेत. स्वीडिशमध्ये हे सारे अर्थ सुट्या शब्दांनी सांगावे लागतात. फिनिशमध्ये एका शब्दात मावणारा आशय स्वीडिशमध्ये तीन शब्द मागतो आणि काव्याची ओळ तर आठच अक्षरांची. प्रत्येक ओळीत काय राखायचे आणि काय सोडायचे, याचा निवाडा करत बारा हजार ओळी पार करणे हे धैर्याचे काम होते.

त्या भाषांतराचे फळ दूरवर पोहोचले. जर्मनीचे प्रख्यात पंडित याकोब ग्रिम यांनी १८४५ मध्ये बर्लिनच्या विद्वत्सभेत या महाकाव्यावर व्याख्यान दिले आणि युरोपभर त्याची कीर्ती पसरली. ज्या काव्याकडे देशातीलच लोक कुतूहलापलीकडे पाहत नव्हते, त्याचा आदर बाहेरच्या पंडितांनी केला, तेव्हा घरच्यांचेही डोळे उघडले. भाषांतरकाराचे काम असे असते. तो माल निर्माण करत नाही; पण ज्या पेठेत त्याची पारख होईल त्या पेठेपर्यंत तो सुखरूप पोहोचवतो.

हिमभूमीतील पाठशाळा

भाषांतर प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १८४१ च्या शरद ऋतूत, कास्त्रेन आणि ल्योनरूट हे दोघे एकत्र प्रवासाला निघाले. सामी लोकांच्या प्रदेशातून, बर्फातून वाट काढत १८४२ मध्ये ते श्वेत समुद्राकाठच्या अर्खांगेल्स्क या बंदरात पोहोचले. तेथे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ल्योनरूट माघारी फिरले. कास्त्रेन एकटेच पूर्वेकडे, नेनेत्स लोकांच्या मुलखात जाण्यास निघाले. या लोकांना त्या काळी सामोयेद म्हणत. रेनडिअरचे कळप घेऊन ते वृक्षहीन, गोठलेल्या माळावर वर्षभर भटकत. त्यांच्या भाषेचे फिनिशशी नाते असावे, असा कास्त्रेन यांचा तर्क होता. तो पडताळायचा तर ती भाषा शिकणे आवश्यक होते. आणि ना तिचे पुस्तक होते, ना शाळा.

मग शाळा जेथे मिळेल तेथे भरली. कधी धुराने भरलेल्या झोपडीत, कधी कातड्याच्या तंबूत. ते एखाद्या जाणत्या माणसाला समोर बसवत; डोळा, कान, हात यांची नावे विचारत; मग अंक, नाती, प्राणी; मग लहान वाक्ये; मग तीच वाक्ये 'मी', 'तू', 'तो' असे कर्ते बदलून. एकाने सांगितलेले दुसऱ्याकडून तपासून घेत. भाषा जाणणाऱ्या माणसाला आपण व्याकरण सांगत आहोत याची जाणीव नसते. त्याच्या बोलण्यातून नियम गाळून घेणे हे ऐकणाऱ्याचे काम. गुरू म्हणून लाभलेले लोक कित्येकदा गुत्त्यातून उठवून आणावे लागत आणि धड्याच्या मध्येच ते पुन्हा गुत्त्याकडे वळत. कास्त्रेन यांनी आपल्या प्रवासवर्णनात या दारूच्या दुष्परिणामांविषयी विषादाने लिहिले आहे.

येथे व्यापाराचे एक काळे रूपही त्यांना पाहावे लागले. या मुलखात मौल्यवान फर गोळा करण्यासाठी व्यापारी येत. पीठ, तंबाखू आणि दारू उधार द्यायची आणि बदल्यात फर न्यायची, अशी रीत होती. देणे किती आणि फिटले किती, हे लिहिणारा एकच होता आणि ज्याच्या नावे लिहिले जाई त्याला वाचता येत नव्हते. अशी कर्जे बापाकडून मुलाकडे जात. वही एकाच्याच हाती असली की काय होते, याचा हा नमुना. त्याच माणसांसमोर बसून कास्त्रेन हेही वहीत लिहीत होते. फरक इतकाच, की त्यांच्या वहीत जे होते ते त्या माणसाच्या नावे जमेला मांडलेले होते.

१८४३ चा उन्हाळा त्यांनी पेचोरा नदीच्या खोऱ्यात डासांच्या थव्यांशी झगडत आणि कोमी भाषेचे व्याकरण रचत घालवला. हिवाळा लागताच त्यांनी उरल पर्वत ओलांडला आणि ओब नदीच्या मुखाजवळील ओब्दोर्स्क ही वस्ती गाठली. आज हे गाव सालेखार्द या नावाने ओळखले जाते. तेथे हिवाळ्यात मोठा बाजार भरे आणि दूरदूरचे खांती व नेनेत्स लोक झारचा फरचा कर भरण्यासाठी येत. भाषेच्या अभ्यासकाला याहून चांगली जागा कोणती? परंतु तेथेच त्यांचे शरीर थकले. खोकला वाढला, ताप उतरेना. निदान क्षयरोगाचे झाले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. १८४४ मध्ये त्यांना माघारी फिरावे लागले.

दोन काळांची शर्यत

घरी परतल्यावर विश्रांती घ्यावी, असे कोणीही सांगितले असते. कास्त्रेन यांनी त्याच वर्षी कोमी भाषेचे आणि पुढच्या वर्षी मारी भाषेचे व्याकरण लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले. आणि १८४५ मध्ये ते पुन्हा सायबेरियाला निघाले. या वेळी सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीने त्यांना पाठवले होते. अकादमीत त्यांचा कैवार घेणारे आंदर्स योहान श्योग्रेन हे स्वतः फिनलंडमधील एका चांभाराचे चिरंजीव होते. भाषांच्या अभ्यासाच्या बळावर ते अकादमीच्या आसनापर्यंत पोहोचले होते.

हा प्रवास चार वर्षे चालला. ओब नदीकाठी खांती लोकांत, मग येनिसेई नदीने उत्तरेकडे तुरुखान्स्क आणि त्याच्याही पुढे, जेथे हिवाळ्यात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही अशा मुलखात. तेथून पुन्हा दक्षिणेला मिनुसिन्स्क व सायान पर्वताकडे. शेवटी इर्कुत्स्क आणि चीनच्या सीमेवरील क्याख्ता, जेथे चहाचा मोठा व्यापार चाले. अंगात ताप, छातीत दुखणे, उघड्या घसरगाडीतून प्रवास आणि मुक्कामी पोहोचताच वही उघडणे, हा क्रम सुटला नाही.

एवढा हट्ट कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर त्यांच्याच नोंदींत मिळते. दक्षिण सायबेरियात ते ज्या लहान जमातींना भेटले, त्यांतील बहुतेक आपली भाषा सोडून रशियन किंवा शेजारच्या तुर्की बोली स्वीकारत होत्या. तरुणांना ती भाषा नकोशी झाली होती. म्हाताऱ्यांना बोलायला कोणी उरले नव्हते. तेथे त्यांना कोत नावाच्या जमातीतील भाषा जाणणारे अवघे पाच जण भेटले. पाच माणसे! एका घराच्या पंगतीलाही याहून अधिक माणसे बसतात. त्या पाच जणांबरोबर एका संपूर्ण भाषेचा, तिच्यातील नात्यांच्या नावांचा, ऋतूंच्या शब्दांचा, क्रियापदांच्या गुंतागुंतीचा अंत होणार होता. एकीकडे शिकवणारे पाच होते आणि तेही वृद्धत्वाकडे झुकलेले. दुसरीकडे शिकणाऱ्याला क्षयाने घेरले होते. कोणाचा काळ आधी सरतो, एवढाच प्रश्न होता. कास्त्रेन त्यांच्यापाशी बसले आणि त्यांनी व्याकरण व शब्दसंग्रह लिहून घेतला. थोड्याच वर्षांत ती भाषा जगातून नाहीशी झाली.

याच भागात कामासी नावाच्या आणखी एका लहान जमातीची भाषा त्यांनी नोंदवली. पुढे १९१२ ते १९१४ या काळात काय डोनर हे दुसरे फिनिश संशोधक तेथे गेले, तेव्हा ती बोलणारे मोजकेच लोक उरले होते. ही भाषा बोलणारी शेवटची स्त्री, क्लावदिया प्लोत्निकोवा, १९८९ मध्ये निवर्तली.

अखेरची तीन वर्षे

१८४९ मध्ये कास्त्रेन हेलसिंकीला परतले. त्याच वर्षी ल्योनरूट यांनी 'कालेवाला'ची वाढवलेली, २२,७९५ ओळींची आवृत्ती प्रसिद्ध केली आणि कास्त्रेन यांचे खांती भाषेचे व्याकरण सेंट पीटर्सबर्ग येथे छापले गेले. फिनिश लोकांचे मूळ स्थान कोणते, या विषयावर त्यांनी राजधानीत जाहीर व्याख्यान दिले. आपले लोक जगात एकटे व निराधार नसून सायबेरियाच्या पर्वतांपर्यंत पसरलेल्या मोठ्या कुळाचे घटक आहेत, हा त्याचा आशय. ज्यांना आपण गोत्रहीन आहोत असे वाटत होते, त्यांना त्यातून केवढा धीर मिळाला असेल, याची कल्पना करता येते.

काळ मात्र अनुकूल नव्हता. १८५० मध्ये सरकारने फिनिश भाषेत धार्मिक व आर्थिक उपयोगाच्या पुस्तकांखेरीज काहीही छापण्यास बंदी केली. सामान्य माणसाच्या हाती त्याच्या भाषेत विचार पडू नयेत, हा हेतू. याच वातावरणात विद्यापीठात फिनिश भाषेचे पहिले अध्यासन निर्माण झाले आणि १८५१ मध्ये कास्त्रेन त्या अध्यासनावर पहिले प्राध्यापक म्हणून नियुक्त झाले. ज्या भाषेत पुस्तक छापायला बंदी होती, तिचे प्राध्यापकपद विद्यापीठात निर्माण व्हावे, हा इतिहासाचा विरोधाभास म्हणावा लागेल. १८५० मध्ये त्यांचा विवाह झाला होता. पुढच्या वर्षी पुत्रलाभ झाला. संसार आणि पद दोन्ही एकदमच हाती आले आणि ते उपभोगण्याचे बळ शरीरात उरले नव्हते. अंथरुणावर पडल्यापडल्या ते नेनेत्स व त्यांच्या सख्ख्या भाषांचे व्याकरण लिहीत होते. ७ मे १८५२ रोजी त्यांनी देह ठेवला. वय अडतीस. ते अध्यासन पुढे त्यांचे जुने सहप्रवासी ल्योनरूट यांनी सांभाळले.

वह्यांचा वारसा

कास्त्रेन गेले तेव्हा त्यांचे बहुतांश संशोधन हस्तलिखित वह्यांतच होते. दुसऱ्या कोणाचे दुर्दैव असते तर ते कागद पेटीत पडून राहिले असते. परंतु सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतील आंतोन शीफ्नर यांनी ते हाती घेतले. शीफ्नर यांनीच १८५२ मध्ये 'कालेवाला' जर्मन भाषेत आणले होते. तिबेटी भाषेचेही ते जाणकार होते. तारानाथ यांनी लिहिलेला भारतातील बौद्ध धर्माचा इतिहास त्यांनी पुढे जर्मनमध्ये भाषांतरित केला. अशा मर्मज्ञ माणसाने एका मृत सहकाऱ्याचे अपुरे काम स्वतःचे मानून १८५३ ते १८६२ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केले. नेनेत्स व संबंधित भाषांचे व्याकरण १८५४ मध्ये आले, कोत भाषेचे १८५८ मध्ये. प्रत्येक खंडावर नाव होते कास्त्रेन यांचे. दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी त्याच्या नावे परत करण्याचा हा व्यवहार विद्येच्या जगातही दुर्मिळ आहे.

आता त्यांच्या सिद्धांताकडे वळावे. फिनिश, नेनेत्स, तुर्की, मंगोल व तुंगूस या पाचही भाषासमूहांचे मूळ एकच असावे, असे त्यांचे अनुमान होते. प्रत्ययांतील साम्यावर त्यांनी १८५० मध्ये प्रबंधही लिहिला. यातील पहिला भाग खरा ठरला. फिनिश आणि नेनेत्स या दूरच्या बहिणी आहेत, हे आज सर्वमान्य आहे. फिनिशमध्ये माशाला 'काला' म्हणतात, नेनेत्समध्ये 'खाल्या', आणि त्याच कुळातील हंगेरियनमध्ये 'हाल'. दुसरा भाग, म्हणजे तुर्की व मंगोल भाषांशी असलेले रक्ताचे नाते, आज भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. साम्य शेजारामुळेही येते, हे पुढच्या पिढ्यांना उमगले.

मग त्या जन्मभराच्या कष्टांचे काय झाले? काहीही वाया गेले नाही. कास्त्रेन यांनी जे ऐकले ते लिहिले. अनुमानाला सोयीचे तेवढेच उचलले नाही. कोत भाषेचेच उदाहरण घ्यावे. ती त्यांच्या फिनिश-कुळात बसत नव्हती. तिच्यासाठी घालवलेला वेळ त्यांच्या सिद्धांताला कवडीचाही लाभ देणार नव्हता आणि आयुष्यातील वेळ तर मोजकाच उरला होता. हिशेबी माणसाने ती पाच माणसे सोडून पुढची वाट धरली असती. कास्त्रेन थांबले. आज कोत भाषेविषयी जे व्यवस्थित ज्ञान जगापाशी आहे, त्याचा मुख्य आधार त्यांच्या त्याच नोंदी आहेत. तिची बहीण असलेली केत भाषा येनिसेईच्या काठी मोजक्या वृद्धांच्या तोंडी अजून आहे. २००८ मध्ये अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड वाय्दा यांनी या भाषांचे नाते उत्तर अमेरिकेतील काही आदिवासी भाषांशी असावे, असे मत मांडले. ते अद्याप सर्वांना मान्य झालेले नाही. कदाचित पुढे तेही मागे पडेल. परंतु ते मांडताना आणि तपासताना, दोन्ही वेळा, विद्वानांना कास्त्रेन यांची वहीच उघडावी लागते.

फिनिश भाषेचे पुढे भले झाले. १८६३ मध्ये झार दुसरे अलेक्सांडर यांनी तिला स्वीडिशच्या बरोबरीने कारभारात स्थान देण्याचा आदेश काढला. १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला. हे वैभव पाहायला कास्त्रेन नव्हते. त्या वैभवाचा पाया ज्यांनी घातला त्यांत मात्र ते अग्रभागी होते. आपल्या भाषेचे गोत्र शोधायला निघालेला हा माणूस वाटेत भेटलेल्या परक्यांच्या भाषेपाशीही तितक्याच आदराने बसला. पाच माणसांच्या भाषेला त्यांनी बारा हजार ओळींच्या महाकाव्याइतकीच काळजी दिली.

प्रत्येक घरात आजी-आजोबांच्या तोंडी काही शब्द, काही म्हणी, वस्तूंची व नात्यांची काही नावे अशी असतात की ती पुढच्या पिढीला ठाऊक नसतात. त्यांचे पुढे काय होणार, यावर मोठमोठी अनुमाने करण्यापेक्षा त्यांच्यापाशी एक वही घेऊन बसणे सोपे आहे. कास्त्रेन यांना त्यासाठी सायबेरिया गाठावा लागला होता. येथे माजघरापर्यंत गेले तरी पुरते.